खिशातला फ्यूज

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे अंधारभाऊ म्हणत. काम दिव्यांचं आणि नाव अंधाराचं, यावर नवा आलेला प्रत्येक नट एकदा तरी विनोद करायचा, आणि तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. नाव पडलं ते त्याच्या सवयीमुळे. रंगमंचावर पूर्ण काळोख करायचा असला की खटका ओढण्याआधी तो विंगेतून हळूच सांगायचा, "अंधार!" का, तर काळोखात माणसं धडपडतात. माझा नाटकातला नवरा एकदा असाच पुठ्ठ्याच्या विहिरीत पडला होता आणि पुढचा अख्खा प्रवेश त्याने विहिरीतूनच केला. तेव्हापासून भाऊ आधी सांगायचा. पण आवाज असा बारीक, की दुसऱ्या विंगेत पोचेपर्यंत निम्मा विरून जायचा.

फक्त एकदा त्याने सांगितलं नाही.

तिसरा अंक. मी पायऱ्या चढून सज्जात जाते, लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरते आणि चार मिनिटांचं स्वगत म्हणते. त्या स्वगताला माणसं रडायची हो! मी कठड्यापासून तीन पावलांवर होते आणि एकदम काळोख. शिट्ट्या, आरडाओरडा, पडदा. मी विंगेत जाऊन सगळ्यांदेखत भाऊला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो मान खाली घालून उभा होता. व्यवस्थापकाने त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. आठ दिवसांनी आमचा सुतार म्हणाला, "बाई, त्या कठड्याखाली दिव्याची वायर चेपली होती. ठिणगी त्याला विंगेतून दिसली. तुम्ही कठडा धरला असता, तर आज तुमची शोकसभा असती."

मी माफी मागायला गेले, तेव्हा तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिडीवर होता. माझं भाषण तयार होतं. त्याने खाली पाहिलं आणि म्हणाला, "बाई, टॉर्च धरा जरा. थोडी डावीकडे." झाली माफी.

त्यानंतर मी ज्याला त्याला सांगत सुटले, घराचं वायरिंग करायचंय ना, आमच्या भाऊला बोलवा. त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे माझी धाकटी बहीण राहते ती इमारत. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर एक घर. पुढे तो परीक्षा देत गेला, परवाना मिळाला आणि गेली कित्येक वर्षं तो लोकांची घरं तपासून दाखला देतो. हे घर विजेच्या दृष्टीने सुरक्षित आहे, खाली सही. ती सही सहजी मिळत नाही, अशी त्याची ख्याती. लोक दार उघडताना म्हणतात, "आले, नापास मास्तर आले."

त्याच्या तपासणीचे दोन नियम आहेत. पहिला, घरातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, "अंधार!" म्हणायचं, मेन बंद करायचा आणि मेनचा फ्यूज उपसून शर्टाच्या डाव्या खिशात घालून वर बटण लावायचं. "घरात कितीही शहाणी माणसं असली ना बाई, तरी कुणीतरी लाइट गेली वाटतं म्हणून खटका वर करतंच." दुसरा नियम, फ्यूज खिशात असला तरी कुठल्याही धातूला आधी टेस्टर लावायचा, मग बोट.

त्या शुक्रवारी या दुसऱ्या नियमावर सगळं येऊन ठेपलं.

धाकटी पहिल्या मजल्यावरच्या आपल्या घरात पाळणाघर काढत होती. नवरा गेल्यावर ती दोन वर्षं खिडकीत बसून होती. मग एक दिवस उठली आणि पुढच्या दोन खोल्यांना पिवळा रंग लावून मोकळी झाली. अकरा पोरांची नावं आली. सोमवारी सुरू करायचं होतं. आता फक्त विजेचा दाखला अडला होता, त्याशिवाय परवानगी नाही. ती मला म्हणाली, "ताई, तुझ्या भाऊला सांग ना. घरचाच माणूस आहे, आणि वायरिंगही त्याचंच." मी आनंदाने होकार दिला. माझ्या डोक्यात हा दहा मिनिटांचा प्रवेश होता.

भाऊ साडेआठला आला. चपला बाहेर, पिशवी जमिनीवर, आणि स्वतःही जमिनीवर. आडवा होऊन तो भिंतीतल्या सॉकेटकडे बघत राहिला.

"काय शोधताय?" धाकटीने विचारलं.

"दोन वर्षांच्या पोराचं बोट इथे येतं."

"मी टोप्या घातल्यात ना प्लास्टिकच्या!"

"टोप्या पोरं काढतात. मग चघळतात. सॉकेट वर घ्यावी लागतील." त्याने भिंतीवर खडूने खूण केली. नव्या पिवळ्या भिंतीवर! धाकटीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू खडू मीच आणून दिला होता.

एकेक खोली झाली. पहिली फेरी मेन चालू ठेवून, नुसती डोळ्यांनी. बटणं दाबून पाहिली, वायरींचं आवरण न्याहाळलं, बोर्डात मुंग्यांनी केलेलं घर टिपून घेतलं. धाकटी मागे मागे, मी तिच्या मागे. नऊ वाजून गेले. तो न्हाणीघरात शिरला आणि गीझरच्या मागे बघताना थांबला.

मी या माणसाला विंगेत हजारो वेळा उभं पाहिलंय. चुकलेला दिवा दिसला की तो असाच थांबायचा.

"काय रे?"

"ही पट्टी माझी आहे, बाई."

गीझरच्या मागून एक हिरवी वायर निघून पाण्याच्या लोखंडी पाइपावर आली होती. तिथे तांब्याची पट्टी आवळलेली, आणि पट्टीवर वायरीचे तीन वेढे, शेवटी उलटी गाठ. दिव्यांच्या वायरींना तो अशीच गाठ मारायचा.

"तेव्हा असंच करायचे," तो म्हणाला. "वीज गळली तर ती जमिनीत जायला हवी, म्हणजे फ्यूज तरी उडतो. पाइप लोखंडी, खाली जमिनीत गेलेला. त्यालाच बांधून टाकायचं. चारही घरांना असंच केलंय मी. आता हे चालत नाही. अंगणात वेगळा खड्डा घेऊन त्यात सळई पुरायची, तिथून प्रत्येक घराला वायर."

"म्हणजे किती दिवस?" धाकटीचा आवाज चढला.

"मालकाची परवानगी, खड्डा... तीन आठवडे धरा."

"आणि सोमवारी येणारी पोरं? त्यांच्या आयांनी कामावर सांगून ठेवलंय, भाऊ! तीस वर्षं चाललंय ना ते? मग तीन आठवड्यांनी काय आभाळ कोसळणारे? स्वतःच बांधायचं आणि स्वतःच नापास करायचं, छान आहे तुमचं!"

 भाऊने कागद काढला, पेन काढलं. मी त्याचा चेहरा वाचला. मला तो वाचता येतो आणि त्या क्षणी मला तो आवडला नाही. तो विचार करत होता की पाइप तर शाबूत आहे, "सुधारणा सुचवली" असं लिहून सही करता येईल का. माझी बहीण, माझी ओळख, त्याचंच जुनं काम. आणि खरं सांगायचं तर मीही मनात म्हणत होते, कर रे सही.

"निदान पट्टी घासून घट्ट करतो," तो म्हणाला. "मग लिहितो."

आम्हाला न्हाणीघराच्या दारातच थांबवून बाहेर गेला, "अंधार!" म्हणाला, मेन खाली ओढला, फ्यूज खिशात, वर बटण. परत आला आणि सवयीने पाइपाला टेस्टर लावला.

टेस्टरच्या मुठीतला इवलासा दिवा लाल पेटला.

"अरे वा, लागला की!" धाकटी म्हणाली. तिला वाटलं चांगलंच काही झालं.

भाऊने खिसा चाचपला. बटण काढून फ्यूज हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं, परत खिशात ठेवला. पुन्हा टेस्टर लावला. पुन्हा लाल.

"तुमच्या घरात आत्ता वीज नाही," तो हळू म्हणाला. "ही दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून येतेय. या पाइपाचं काही काम झालंय का इतक्यात?"

"परवा प्लंबर आला होता. खाली अंगणात गळत होता ना. तेवढा तुकडा प्लास्टिकचा घातला. आता गंजायचा नाही म्हणाला."

भाऊचा चेहरा उतरला. रंग पुसल्यावर नटाचा दिसतो तसा दिसला मला.

"कशालाही हात लावू नका. नळ नाही, गीझर नाही, फ्रिजसुद्धा नाही. कुणाची तरी वीज या पाइपात उतरतेय आणि खाली प्लास्टिक आल्यामुळे तिला जमिनीत जायला वाटच नाही. चारही घरांचे लोखंडी नळ आत्ता शॉक देतील. वरती कोण आहे?"

"दुसऱ्या मजल्यावरची दोघं आठलाच कामावर जातात. तिसऱ्यावर मास्तर." आणि धाकटी थबकली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून बावीस मिनिटं. "मास्तर साडेनऊला अंघोळ करतात."

तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त शाळामास्तर. त्यांची अंघोळ म्हणजे शाळेची घंटा. तळमजल्याचे शिंपीदादा त्यावर घड्याळ लावतात. अंघोळीआधी ते कानातलं यंत्र काढून ठेवतात, आणि यंत्राशिवाय त्यांच्या कानाशी फटाका फोडला तरी ते "कोण आलंय?" असं विचारायचे.

"तुम्ही वर," भाऊ धाकटीला म्हणाला. "दार वाजवत राहा. कडीला हात नको, चपलेने वाजवा. बाई, तुम्ही माझ्याबरोबर."

माझे गुडघे गेली दहा वर्षं पायऱ्या मोजून उतरतात. त्या दिवशी त्यांनी मोजल्या नाहीत. जिन्याखाली चारही घरांच्या मीटरची पेटी. तिथले फ्यूज काढले की संपलं. पेटीला नवंकोरं कुलूप.

"चावी?" भाऊ ओरडला. म्हणजे त्याच्या मते ओरडला.

शिंपीदादा दुकानात टेबलामागे उभे राहून कोटावर इस्त्री फिरवत होते. "मालकाकडे. गावाबाहेर राहतात. का हो, लाइट गेली का तुमची? माझी तर आहे."

भाऊ दुकानाच्या दारातच थबकला. त्याची नजर इस्त्रीवर गेली. जुनी, जड, पत्र्याची. लाकडी मूठ. शिंपीदादा उभे होते तेही एका लाकडी फळीवर, पायाला गारठा नको म्हणून. म्हणजे त्या इस्त्रीतून वर्षभर जरी वीज गळत असती तरी त्यांना पत्ता लागला नसता. कोपऱ्यातून तोच पाइप वर जात होता. भाऊने त्याला टेस्टर लावला. लाल.

"इस्त्रीची पिन काढा," तो म्हणाला.

"आत्ता? कॉलर बसवतोय हो. अर्धी सोडली की चुणी पडते."

"दादा, पिन काढा."

"अकराला गिऱ्हाईक येतंय, भाऊसाहेब! तुम्ही तुमची तपासणी वर करा ना. माझ्याकडे कुणी तपासणी मागितलीये?"

भाऊने पुन्हा सांगितलं, पण त्याच बारीक आवाजात. सॉकेट शिंपीदादांच्या पलीकडे, कापडाच्या गठ्ठ्यांमागे. वरून धाकटीच्या चपलेचा धप धप धप आवाज येत होता, आणि दार उघडल्याचा आवाज येत नव्हता.

"पिन काढ!"

हे मी म्हणाले. सोळा वर्षं मी हा आवाज वापरला नव्हता. शेवटच्या रांगेतल्या, झोपलेल्या माणसासाठी राखून ठेवलेला आवाज तो. शिंपीदादांनी पिन उपसली, आणि घाबरून शिलाईयंत्राचीही उपसली.

टेस्टरमधला लाल ठिपका विझला.

भाऊ मिनिटभरही थांबला नाही, "पुन्हा लावू नका" एवढं म्हणून जिना चढायला लागला. मी कठडा धरून मागे. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर पोचले तेव्हा धाकटी रडत चपला आपटत होती आणि दाराच्या आतून स्पष्ट आवाज येत होता. बादलीत पाणी पडत होतं.

म्हणजे नळ सोडून झाला होता. पिन निघण्याआधी की नंतर? आम्ही तिघंही एकमेकांकडे पाहायला तयार नव्हतो. बादली भरली, पाणी वाहू लागलं. नळ बंद करायला कुणी येत नव्हतं. भाऊ दारावर दोन्ही तळवे ठेवून उभा होता. रंगमंचावर मी मरणाचे पुष्कळ प्रवेश केलेत आणि त्यातल्या प्रत्येकात मला पुढचं वाक्य ठाऊक होतं.

मग पाण्याचा आवाज थांबला. पावलं. कडी.

मास्तर दारात उभे. कमरेला पंचा, आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत गुंडाळलेला कोरडा जाडा टॉवेल.

"काय गं, आग लागली का?" त्यांनी धाकटीला विचारलं. "दार हललं म्हणून कळलं."

भाऊ टॉवेलकडे बघत होता. त्याने स्वतःच्या हाताकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशाला?"

"काय?"

"टॉवेल! कशाला!"

मास्तरांनी जिन्यात वर-खाली पाहिलं आणि गुपित सांगायला आवाज खाली घेतला. म्हणजे त्यांच्या मते खाली घेतला. तळमजल्यावर शिंपीदादांना शब्दन् शब्द ऐकू गेला. "हाताला मुंग्या येतात हो परवापासून! नळ धरला की सुरू! वय झालं, दुसरं काय! टॉवेल गुंडाळला की कमी वाटतं! पण मुलीला सांगू नका! ती आधीच म्हणतेय बाबा एकटे राहू नका! हाताचं कळलं तर उद्या गाडी घेऊन दारात उभी राहील!"

धाकटी मटकन पायरीवर बसली. रडता रडता तिला हसू फुटलं आणि मग दोन्ही एकदमच चालू राहिलं. भाऊ तिच्या शेजारी बसला.  

"तुमचा हात ठणठणीत आहे, मास्तर," तो म्हणाला. मास्तरांना ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगितलं. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कुठल्याही नटाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

भाऊने तिथेच मांडीवर कागद घेतला. दाखला नाकारला. कारण लिहिलं. त्या कागदावर एक रकाना असतो, मूळ काम कोणी केलं. जुन्या घरांत तो बहुतेक रिकामाच राहतो. भाऊने त्यात स्वतःचं नाव लिहिलं, खाली परवान्याचा क्रमांक. इतक्या वर्षांत त्याचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

"अरे, परवाना जाईल तुझा," मी म्हणाले.

"मघाशी मी सही करणार होतो, बाई."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला दिसलं?"

"दिसलं. आणि मी मनात तुला कर म्हणत होते, तेही लिही हवं तर."

धाकटीने नाक पुसलं, फोन घेतला आणि अकरा आयांना एकेक करून सांगायला बसली. भाऊला तिने एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट खाली गेल्यावर विचारलं, "ती सॉकेट किती उंच घ्यायची म्हणालात?"

पाळणाघर चोवीस दिवस उशिरा सुरू झालं. अकरातली दोन पोरं तोवर दुसरीकडे गेली. अंगणात खड्डा झाला, सळई पुरली, चारही घरांना नव्या हिरव्या वायरी आल्या, आणि गळती दिसली की क्षणात वीज तोडणारा नवा खटकाही बसला. शिंपीदादांनी जुनी इस्त्री दुकानाच्या दारात अडसर म्हणून ठेवली आहे आणि येणाऱ्या जाणाऱ्याला तिचा पराक्रम असा सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पिन त्यांनी स्वतःहून काढली. भाऊचा परवाना सहा महिने अडकला, मग परत मिळाला. नव्या वायरींच्या कामाच्या शेवटच्या दिवशी तो मास्तरांकडे गेला होता, नळाला टेस्टर लावला, मग स्वतःचा हात लावला आणि बाजूला झाला. मास्तरांनी टॉवेल खुंटीला अडकवला आणि उघड्या हाताने नळ धरला. बराच वेळ धरून ठेवला, पाणी वाहून गेलं तरी.

पण भाऊचं काम तिथे संपलं नाही. परवाना अडकला होता तेव्हाच तो एक वही घेऊन माझ्याकडे आला. "बाई, त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी कुठे कुठे काम केलं, तुम्हाला आठवतंय? सगळीकडे पाइपालाच बांधलंय मी. आणि आता सगळीकडे प्लंबर प्लास्टिक घालतायत."

मला आठवत होतं. निम्मी घरं मीच तर मिळवून दिली होती. आम्ही सव्वीस पत्ते काढले. तो एकटाच जायला लागला, पण लोक दाराच्या फटीतून एवढंच ऐकत की कुणीतरी बारीक आवाजात म्हणतंय, तीस वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे चूक करून गेलोय. आणि दार लावून घेत. कोण घरात घेईल असल्या माणसाला?

म्हणून आता रविवारी सकाळी मी बरोबर जाते. जिन्याच्या तळाशी उभी राहते आणि हाक मारते. वरच्या मजल्यापर्यंत दारं उघडतात. मग भाऊ पिशवी घेऊन चढतो, मेन ओढायच्या आधी "अंधार!" म्हणतो, आणि फ्यूज खिशात घालून बटण लावतो. एकोणीस घरं झाली. त्यातल्या चार घरांत टेस्टर लाल झाला.

सात राहिली आहेत. त्यातलं एक घर आमच्या जुन्या व्यवस्थापकाचं आहे, ज्याने भाऊला काढून टाकलं होतं. दोनदा जाऊन आलो, दार उघडत नाही. भाऊ म्हणतो, "येत्या रविवारी पुन्हा जाऊ, बाई. या वेळी तुम्ही तिसऱ्या अंकातलं ते स्वगत म्हणा."